फ्रेमीबाहेरची प्रभावती

डिचोली तालुक्यातले निदान दोनशे पुरुष आज एकाच निळ्या कोटात भिंतीवर आहेत. हयातीत त्यांतल्या बहुतेकांनी कोट पाहिला होता तो वकिलाच्या अंगावर. कुणी खाणीवर ट्रक चालवला, कुणी आमोण्याला भात पिकवला, एकजण तर जन्मभर उघड्या अंगाने माडावर चढला. पण माणूस गेला की बाराव्याच्या आत घरची मंडळी एखाद्या लग्नातला ग्रुप फोटो घेऊन बाजारातल्या जयराम मळीकच्या स्टुडिओत येत आणि गर्दीतल्या एका डोक्यावर बोट ठेवत. जयराम ते डोके अलगद कापून घ्यायचा आणि संगणकातल्या निळ्या कोटावर बसवायचा. बायकांसाठी हिरवा शालू होता. मागे आकाश, आकाशात दोन ढग. झाले काम.

शेजारी कृष्णनाथ शिंप्याचे दुकान. त्याचा बापही त्याच कोटात होता आणि हे दुःख तो वर्षातून चार वेळा तरी बोलून दाखवायचा.

"जयराम, तुझो कोट खांद्यांत ढिलो आसा रे. माझो बाबा उसनो कोट घालून सोयरीक बघूक गेल्यासारखो दिसता."

"आजून एकानय तक्रार करूक ना," जयराम म्हणायचा.

अशा या जयरामची बायको प्रभावती गेल्या वर्षी चतुर्थीनंतर आठ दिवसांनी गेली. डोके दुखते म्हणून दुपारी आडवी झाली, ती उठलीच नाही. गोव्यात माणूस गेला की पेपरात फोटो यावा लागतो, बाराव्याला एकदा आणि वर्ष झाले की पुन्हा. सकाळी पोदेर पाव टाकून गेला की लोक चहात पाव बुडवत ते पान आधी वाचतात, राजकारण मागाहून. त्या पानासाठी फोटो शोधायला जयराम बसला आणि त्याच्या लक्षात आले, की निम्म्या तालुक्याची तोंडे ज्या घरात साठवलेली आहेत, त्या घरात प्रभावतीचा एकही फोटो नाही.

लग्नातला तरी असायला हवा होता. पण स्वतःच्या लग्नात कॅमेऱ्यात रोल भरायचा तो जयरामनेच, असा त्याचा हट्ट. दुसऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता. मुंडावळ्या सावरत, अंतरपाटाआधी घाईघाईत त्याने रोल भरला आणि कॅमेरा मित्राच्या हातात दिला. मित्राने छत्तीस फोटो काढले. रोलचे टोक चाकाच्या दातात अडकलेच नव्हते. छत्तीस वेळा खटका वाजला आणि आत फिल्म इंचभरही हलली नाही. प्रभावतीला हे सांगितले तेव्हा ती पदर तोंडाशी धरून इतकी हसली, की सासूने आतून विचारले, काय झाले म्हणून.

पुढे जयरामने व्हिडिओ कॅमेरा घेतला. आता दिवा धरायला माणूस हवा. हॅलोजनचा तो दिवा म्हणजे हातात धरलेली चूल. कोणी पोरगा दोन लग्नांपलीकडे टिकेना. मग प्रभावतीनेच पदर खोचला. सातार्ड्याची ती, सीमेपलीकडची, हाडापेराने काटक. पेडण्यापासून साखळीपर्यंत बावीस वर्षे ती जयरामच्या डाव्या बाजूला, दोन हातांवर, दिवा उंच धरून उभी राहिली. आणि बावीस वर्षे जयराम डोळा कॅमेऱ्याला लावून एकच वाक्य तिला म्हणत राहिला, "मागें सर गो, फ्रेमीत येता."

ते तिच्या अंगात इतके मुरले, की पुढे मोबाईल आले आणि लेकीने तो तिच्यासमोर धरला तरी तिचे पाऊल आपोआप मागे जायचे. सिद्धीच्या फोनमध्ये आईचे पन्नास फोटो होते. कशात पाठ, कशात आडवा आलेला तळहात, कशात दाराआड निसटणारा पदर.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो पेपरात गेला. आधार कार्डावर भला माणूसही नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. प्रभावतीही तशीच दिसली. बाजारात कोणीतरी कुजबुजले, फोटोग्राफरच्या बायकोचा फोटो, आणि असा? जयरामने ऐकले. त्या दिवशी तो सिद्धीला म्हणाला, "वर्साक बरो फोटो घालतलों. खंयसून तरी सोदून काडतलों."

वर्ष सरत आले, फोटो मिळाला नाही. हल्ली लग्ने ड्रोनवाल्या पोरांकडे जातात. त्यामुळे जयराम मोकळाच होता आणि सिद्धी कॉलेजचा अभ्यास घेऊन स्टुडिओतच बसायची. ती पणजीला मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला. सेजल मॅडमनी काम दिले होते की कुठल्याही चित्रफितीतल्या दहा फ्रेमी निवडा आणि सांगा, फ्रेमीत कोण आहे, कुठे आहे, उजेड कुठून येतो, नजर कुठे जाते. वर्गातल्या मुलांनी परदेशी सिनेमे घेतले. सिद्धीने बापाच्या डीव्हीडी घेतल्या.

पहिले दोन दिवस तिने बापाचे यथेच्छ वाभाडे काढले. साहित्यही भरपूर होते. नवरी कमळातून उमलत होती, नवरा शंखातून बाहेर पडत होता आणि दोघे हातात हात घालून मये तळ्यावरून उडत होते.

"बाबा, तू सगळ्यांक मधींच कित्याक उबे करता? माणूस फ्रेमीच्या तिसऱ्या भागार जाय."

"आनी मधीं कोण? भटजी?"

"बरें, हो लाँग शॉट, हो मिड शॉट, हो क्लोज-अप. तुका हें कोणें शिकयलें?"

"कोण शिकयतलो? आमी पुरो, अर्दो आनी थोबाड म्हणटाले. हांवें 'थोबाड' म्हणलें की तुझी आई दिवो घेवन फुडें येताली."

हे बोलताना तो हसत होता, पण 'थोबाड' हा शब्द वर्षभरात आपण एकदाही उच्चारला नाही हे त्याला तेव्हाच कळले आणि तो उगाचच कपाटाची काच पुसायला उठला.

तिसऱ्या दिवशी सिद्धीची चेष्टा थांबली. तिने दहा नवरीमुलींच्या दहा फ्रेमी एका पडद्यावर मांडल्या होत्या. कोरगावची, सर्वणची, परशाची, साखळीची. सगळ्या क्लोज-अप, म्हणजे थोबाडे.

"बाबा, ही खंय बघता?"

"खंय म्हणजे? कॅमेऱ्यांत."

"ना. नीट बघ."

जयरामने चष्मा लावला. नवरी कॅमेऱ्यात बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे आणि थोडे वर बघत होती. दुसरीही तशीच. दहाही जणी. आणि दहाही जणी हसत होत्या, पण फोटोसाठी ओढूनताणून आणलेले हसू नव्हे ते. कुणीतरी आपल्या माणसाने कानात काही सांगितल्यावर फुटते तसे.

जयरामच्या नवऱ्या बावरलेल्या दिसत नाहीत, अशी त्याची तालुकाभर ख्याती होती. ती आपल्या हाताची करामत, असे तो बावीस वर्षे धरून चालला होता.

"माणूस जंय बघता थंय फ्रेमीत जागा सोडची पडटा, आमकां शिकयतात," सिद्धी म्हणाली. "तुवें सोडल्या. सगळ्यांत सोडल्या. पूण थंय आई आसली ती फ्रेमीच्या भायर." मग तिने विचारले, "ती कितें सांगताली गो तांकां?"

बापाला बाईसारखे 'गो' म्हटल्याचे तिच्याही लक्षात आले नाही आणि त्याच्याही.

प्रभावती दिवा धरून काहीतरी पुटपुटायची एवढेच त्याला आठवत होते. बडबडू नको, आवाज येतो, असे तो ओरडायचा. मग घरी येऊन सगळाच आवाज पुसून वर सनई टाकायचा. मूळ कॅसेटमध्ये तो आवाज असायचा. पण डीव्हीडी झाली की जयराम त्याच कॅसेटवर पुढचे लग्न घ्यायचा. एकेका कॅसेटवर सात सात जोडपी एकमेकांना पुसून गेली होती, आणि प्रभावतीचा आवाजही त्यांच्याबरोबर.

भिंतीपलीकडे कृष्णनाथचे मशीन थांबले होते. तो दारात आला तेव्हा त्याच्या हातात बटणांचा डबा होता.

"शेवंतीच्या लग्नाची कॅसेट माझ्याकडे आसा," तो म्हणाला. शेवंती त्याची धाकटी बहीण. "तूं कमळां घालून म्हजी शिवण झांकून उडयतलो म्हणून हांवें मूळ कॅसेट मागून घेतल्ली. बघूंक मशीन ना म्हणून आजून पळोवंक ना."

डब्यातली बटणे बाजूला सारून त्याने कॅसेट मेजावर ठेवली.

जुना कॅमेरा कपाटात होता. तो सुरू व्हायला अर्धा तास लागला. आधी नुसत्या रेघा, मग मांडव, पाहुणे, शेवंती. सनई नसल्यामुळे लग्न उघडे पडले होते. खुर्च्या सरकत होत्या, कुणाचे मूल रडत होते. शेवंतीचा चेहरा मोठा झाला आणि जवळून, अगदी जवळून एक आवाज आला.

"घो काय वाघ नाय गे बाये. हस बघू. हां, अशी. आता नवरी शोभतंस."

सिद्धीने फीत थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली. पाच वेळा.

फीत पुढे गेली आणि एकाएकी चित्र कलले. जयरामने कॅमेरा बंद न करताच कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर ठेवला होता. ही त्याची जुनी खोड. पाय, चपला, मेजाचा खूर असले चित्रण प्रत्येक लग्नात निघायचे आणि तो ते कापून टाकायचा. इथे मात्र समोरच्या बाकावर कुणी येऊन बसले. जांभळी काठाची साडी. मांडीवर विझवलेला दिवा. उजव्या तर्जनीला गुंडाळलेला ओला रुमाल. फ्रेम गळ्यापाशी संपत होती.

"आई," सिद्धी म्हणाली.

चार मिनिटे ती तशीच बसली होती. रुमाल सोडायची, दिव्याने भाजलेल्या बोटावर फुंकर घालायची, परत बांधायची. जयराम नकळत मान वाकडी करून पडद्याच्या खालून वर बघू लागला, जणू तसे केल्याने वरचा चेहरा दिसणार होता.

"आज साडी बरी नेसलंय," आवाज म्हणाला. "एक फोटो काढा बघू माझो."

मग जयरामचा स्वतःचा आवाज आला, तरुण आणि घाईतला. "फाल्यां काडूया. बॅटरी उणी आसा. वरात आसा आजून."

"उद्या ही साडी पेटयेत गेली असतली," ती म्हणाली आणि हसली.

कॅमेऱ्याची बॅटरी त्या क्षणीही खर्च होत होती. खुर्चीवर, कुणाच्याही लक्षात न येता, प्रभावतीवरच. मग एक हात मोठा होत आला आणि चित्र बंद झाले.

वर्षश्राद्धाची जाहिरात गुरुवारपर्यंत द्यायची होती. बुधवारी दुपारी जयराम संगणकापुढे बसला. आता त्याच्याकडे सगळे होते. हिरव्या शालूची गरज नव्हती, तिची स्वतःची साडी होती, स्वतःचे हात होते. डोके आधार कार्डावर होते. तालुक्यातले दोनशे जण त्याने याहून वाईट साहित्यावर उभे केले होते. दहा मिनिटांचे काम. त्याने डोके कापले, गळ्यावर बसवले, रंग जुळवला. सिद्धी मागे येऊन उभी राहिली.

"नजर बघ बाबा," ती हळूच म्हणाली.

त्याने बघितले. अंग जयरामकडे वळले होते, फोटो मागत होते. डोके सरळ समोर, सरकारी कारकुनाकडे बघत होते. त्याने डोके थोडे फिरवून पाहिले. मान मोडल्यासारखी दिसू लागली. मग त्याने डोके काढून टाकले आणि बराच वेळ भिंतीवरच्या नमुन्याच्या निळ्या कोटाकडे बघत राहिला. त्या दोनशे घरांत फोटो नेऊन पहिल्यांदा भिंतीवर टांगताना माणसांना काय वाटले असेल, हे त्याने कधी कुणाला विचारले नव्हते.

संध्याकाळी पेपरच्या कचेरीतून फोन आला. "मळीक, तुमचा फोटो कापला गेलाय. चेहराच नाही. पूर्ण पाठवा."

"पूर्ण ना," जयराम म्हणाला. "तसोच घाला."

"अहो, लोक आम्हाला नावं ठेवतील."

"माझें नाव सांगा."

रविवारी फोटो छापून आला. खाली प्रभावती जयराम मळीक, प्रथम पुण्यस्मरण. वर दोन हात, एक दिवा आणि गळ्यापाशी संपणारी बाई. सकाळपासून चार फोन आले. चौघांनीही छपाईवाल्यांना शिव्या घातल्या.

कृष्णनाथ तर पेपर नाचवतच आला. "वाट लायली रे तांणी. मुखामळच उडयलें. चल, कचेरींत वचूया."

"ना रे. तांचो दोष ना. हांवेंच तसो काडिल्लो."

कृष्णनाथ थबकला. त्याने पेपर मेजावर पसरला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाकून बघू लागला. मग त्याचे बोट खांद्याच्या शिवणीवर जाऊन थांबले.

"हें ब्लाउज म्हजें," तो म्हणाला. "शेवंतीच्या लग्नाक शिवून दिल्लें. धावत येवन माप दिलां तिणें, दिवो काखेंत मारून." बोट शिवणीवरून बाहीपर्यंत गेले आणि परत खांद्यावर आले. "खांद्यांत बरोबर बसलां."

जयरामने मान हलवली. मग तोही वाकला, आणि दोघे ती शिवण बघत राहिले.