पंचांना 'आपण' म्हणायचं

शनिवार पेठेतल्या मंदाकिनीबाईंना मुष्टियुद्धातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी जगज्जेत्यांचे निकाल त्याच लावत होत्या.

त्याला कारण त्यांचे यजमान. दिगंबरराव खडकीच्या कारखान्यात कारकून होते. तरुणपणी कारखान्याच्या संघातून त्यांनी ठोसे मारले होते आणि त्याहून जास्त खाल्ले होते. निवृत्तीनंतर संध्याकाळचा चहा झाला की ते वेगवेगळ्या काळातले हेवीवेट जगज्जेते एकमेकांसमोर उभे करत. जो लुई विरुद्ध टायसन. मार्सियानो विरुद्ध अली. दोघांच्या वतीनं स्वतःच लढत आणि बायकोला पंच म्हणून खुर्चीत बसवत. पंचांचा मान राखायचा म्हणून लढतीपुरतं तिला 'आपण' म्हणायचं, हा त्यांचा नियम.

"पंच, आपण पाहिलंत ना? कमरेखाली मारलं यानं!"

"मला दिसलं ते एवढंच, की कप फुटला. नॉकआउट कपाचा," पंच सुनावत.

निकाल लागला की स्वारी पुन्हा 'तू'वर. "मंदे, भूक लागली गं."

एका संध्याकाळी अली जिंकला, लढत संपली, आणि दिगंबरराव म्हणाले, "आपण जेवायला थांबणार का?"

"थांबते की, फुकट मिळतंय तर," बाई हसल्या. ते हसले नाहीत. पाहुण्याला द्यावी तशी त्यांनी आदबीनं खुर्ची पुढे सरकवली.

त्यानंतर 'तू' परत आलं नाही. बाईंनी कोणाला सांगितलं नाही. उलट लढती वाढवल्या. सकाळी एक, दुपारी एक. लढत चालू आहे तोवर आपण निदान पंच तरी आहोत, ती संपली की या माणसाच्या कोणीच नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. फार भीती वाटायची त्यांना, आणि त्या ती एकट्यानंच गिळायच्या.

मुलगा राजस हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होता. रविवारी घरी यायचा. एका रविवारी दिगंबरराव लढता लढता गर्रकन त्याच्याकडे वळले. मूठ त्याच्या तोंडावर रोखली. "हा कोणत्या सालचा जगज्जेता?"

राजस पांढराफटक पडला.

"ब्रेक!" बाई ओरडल्या. ते तत्काळ मागे सरले. पंचांचा हुकूम होता.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला बसलेला मार आता भोवतोय. यांना चेतवू नका. "आई, हे बॉक्सिंग टोटली बंद. प्लीज," राजस म्हणाला. त्याचा चेहरा बघून त्या हो म्हणाल्या.

खुर्ची भिंतीला लागली. दिगंबरराव खिडकीशी नुसते बसून राहू लागले. बायकोनं ताट वाढलं तर "आभारी आहे" म्हणत.

पुढच्या रविवारी बाई चहा घेऊन आल्या, तेव्हा ते राजसकडे झुकून हळूच विचारत होते, "त्या पंचबाई हल्ली येत नाहीत? भल्या होत्या हो."

बाईंनी कप खाली ठेवला आणि मुलाकडे न बघता खुर्ची मध्ये ओढली.

"आल्यात पंचबाई. बोला, लढत कोणाची?"

दिगंबररावांचा चेहरा उजळला. ते उठले, मुठी आवळल्या. एका कोपऱ्याकडे बघितलं, मग दुसऱ्या. ओठ हलले, पण नाव एकही येईना.

"सांगा ना," बाई म्हणाल्या. "अहो, कोणाचंही सांगा."