पायातली वहाण

"तू चपला सांभाळ," सर म्हणाले. "तुला त्यातलं कळतं."

सातवीत होते मी. आमच्या तालुक्याच्या शाळेत पहिल्यांदाच कॉम्प्युटर आले होते. चार. त्यांच्यासाठी वेगळी खोली, निळे पडदे, रोज पुसलेली फरशी. दारावर खडूनं लिहिलेलं, चपला बाहेर काढाव्यात. सगळी पोरं चपला काढून आत गेली. मीही काढल्या. उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच सरांनी हात आडवा धरला.

माझा बाप बसस्टँडच्या भिंतीला टेकून चपला शिवायचा. सरांना ते ठाऊक होतं. सरांच्या पायातली वहाणही त्यानंच शिवलेली.

"धुळीनं मशीन बिघडतं," सर म्हणाले. मी तळवे स्कर्टला घासले आणि उचलून दाखवले. पोरं फिदीफिदी हसली. मग सरांनी ती म्हण काढली.

"पायातली वहाण पायातच बरी, बाळ. बस बाहेर."

बाळ म्हणाले. तेच जास्त लागलं.

वर्षभर दर गुरुवारी मी बाहेर बसले. समोर चाळीसएक जोड. त्यातल्या कितीतरी चपलांवर बापाचे टाके, मला लांबूनही ओळखू यायचे. आतून सरांचा आवाज यायचा, "एंटर दाबा!" मग खटकन आवाज. ते बटण कसलं असतं, कुठं असतं, मी पाहिलं नव्हतं. पुढं इंग्रजीच्या तासाला कळलं की एंटर म्हणजे आत येणे. मी ते वहीत लिहिलं आणि पान फाडून टाकलं.

घरी सांगितलं होतं. बाप चामडं कापायच्या रापीला धार लावत होता. हात थांबला. मग परत चालू झाला. मला त्याचाही राग आला. खोटं कशाला बोलू, थोडा अजून आहे.

आता मी बेंगळुरूत आहे. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत अकरा वर्षं झाली. सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका हुडकून काढते आणि त्याचा पगार घेते. मी कॉम्प्युटर शिकले ते शाळा सुटल्यावर, दुसऱ्या गावी, एका झेरॉक्सच्या दुकानात. ते सगळं लांबण आहे, सोडा.

एक सवय मात्र सांगते. अकरा वर्षं मी कामाला बसले की टेबलाखाली बूट काढते. एसीनं पाय गारठतात तरी काढते. का, ते कधी स्वतःला विचारलं नाही.

ऑफिसात मराठी माणसांचा एक ग्रुप आहे. त्यात अनिकेत. पुण्याचा, माझ्या टीमचा लीड. माणूस तसा हसरा. माझ्या आडनावावरून त्याला अंदाज येईना, म्हणून त्यानं पहिल्या महिन्यात तीनदा विचारलं, "पण मूळचे कुठले तुम्ही?" वडील काय करतात, तेही विचारलं. मी म्हणाले, "फुटवेअरचा बिझनेस." जीभ कशी रेटली कुणास ठाऊक. बाप तेव्हा जिवंत होता आणि त्याच भिंतीला टेकून बसत होता. दोन वर्षांपूर्वी तो गेला.

यंदा आयुधपूजेच्या दिवशी आमच्या नव्या टेस्टिंग लॅबचं उद्घाटन होतं. नारळ फोडायचा, मशिनला हळदकुंकू लावायचं आणि एंटर दाबून पहिला प्रोग्राम चालवायचा. तो चुका हुडकणारा प्रोग्राम माझा. आठ महिने मी एकटीनं लिहिलेला. सगळ्यांनी पारंपरिक कपड्यांत यायचं होतं. मी साडी नेसले आणि कपाटातून कागदात गुंडाळलेला चपलांचा जोड काढला. बापाच्या हातचा शेवटचा. कधी घातलाच नव्हता.

आमच्याकडं ह्याच दिवशी, खंडेनवमीला, बाप आरी आणि रापी धुऊन देवापुढं मांडायचा. झेंडूचं एक फूल ठेवायचा. चामडं कापणारी, टोचणारी हत्यारं, पण देवाला कधी विटाळ झाला नाही.

पूजेआधी हॉलमध्ये एक माहितीपट दाखवला. ह्या देशात कॉम्प्युटरचा धंदा उभा करणाऱ्यांपैकी एकाची मुलाखत. म्हातारा, पांढरेशुभ्र केस, मऊ आवाज, हातात कॉफीचा कप. इंग्रजीत बोलत होता, मी माझ्या मराठीत सांगते.

म्हणाला, "त्या काळी आमची मशिनची खोली म्हणजे देऊळच. चपला बाहेर. मंत्री आला तरी बाहेर."

हॉलमध्ये सगळे गालातल्या गालात हसले. अनिकेत शेजारून कुजबुजला, "आमच्या शाळेत पण सेम!" माझे पाय साडीच्या निऱ्यांत आक्रसले.

मग म्हातारा कपात बघत हसला. "खरं सांगू? मशिनला चपलांनी काहीसुद्धा होत नव्हतं. आम्हालाच बरं वाटायचं."

हॉल खदखदून हसला. टाळ्या पडल्या.

मी सुन्न. काहीसुद्धा होत नव्हतं! एक अख्खं वर्ष मी दाराबाहेर बसले, आणि मशिनला काहीसुद्धा होत नव्हतं. शंभर माणसं हसत होती आणि मला त्या हॉलमध्ये माझं म्हणावं असं एकही माणूस दिसेना. कुणाला सांगणार होते?

लॅबच्या दाराशी चपलाबुटांचा ढीग पडला होता. लोक आत जात होते. अनिकेत माझ्याकडं वळला.

"अगं, सिक्युरिटीवाला जेवायला गेलाय. पाच मिनिटं थांबतेस का बाहेर? बॅगा, चपला, सगळं इथंच आहे. तुमचा तर घरचाच बिझनेस, एक्स्पर्ट आहेस तू!"

दोघंतिघं हसले.

"आणि माझा प्रोग्राम?"

"मी दाबतो ना एंटर. एकच तर बटण आहे."

डोक्यात तिडीक गेली. पण आवाज चढला नाही, त्याचं मलाच नवल वाटतं.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या बापाचा बिझनेस नव्हता. चांभार होता तो. बसस्टँडवर बसायचा. मी बाहेर बसणार नाही."

"अगं, जोक केला मी! तू कुठून कुठं नेतेस!"

"दारातून आत नेते," मी म्हणाले आणि गेले. चपला घालून.

"अक्का, चप्पली!" कुणीतरी कन्नडमधून ओरडलं.

"मशिनला काही होत नाही. आत्ताच ऐकलंत ना?"

नारळ फुटलेला होता. कुंकू लावून झालं होतं. मी एंटर दाबलं. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. तिसरीच चाचणी लाल झाली. म्हणजे चूक सापडली, म्हणजे प्रोग्राम बरोबर चालत होता. कुणी टाळी वाजवली नाही.

जेवायला ओबट्टू होता, आपली पुरणपोळीच ती. माझ्या टेबलाला चार खुर्च्या. तीन शेवटपर्यंत रिकाम्या. मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "सणाच्या दिवशी तरी नको होतं." त्याखाली अकरा अंगठे. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बहाद्दरी कसली!

सर्जापूर रोडला माझ्या खोलीवर येऊन आईला फोन केला. तिला कॉम्प्युटर कळत नाही, अपमान कळतो. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "नोकरी ऱ्हाईल का गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

सुट्टी संपली. सकाळी बापाच्या चपला घालूनच टेबलाशी बसले. अनिकेतनं मान वर केली नाही. सवयीनं माझी टाच चपलेतून निघायला लागली. मी पाहिलं आणि पाय परत आत सारला. चपलेच्या अंगठ्यात घट्ट बसवला. बापाचे टाके पक्के आहेत.

सर, तुमची म्हण खरी निघाली. पायातली वहाण पायातच बरी. ह्यापुढं ती कुणाच्याच उंबऱ्यावर निघणार नाही.