जावईबापूंनी फोन मोकळा केला

"ताई, ह्यो फोन सगळं करतोय. फकस्त फोन करत नाय."

रंगनाथआबांनी फोन माझ्या काउंटरवर ठेवला आणि स्टुलावर बसले. आबा बेल्ह्याचे, बैलांचे व्यापारी. आळेफाट्याला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, तेरा वर्षं झाली. आबा जुने गिऱ्हाईक.

मी त्यांच्या फोनवरून माझा नंबर लावला. दोन सेकंदांत कॉल कट. परत लावला, परत कट. इंटरनेट मात्र झकास. म्हणजे सिम ठीक, रेंज ठीक. मग फोन बंद करून चालू केला. कंपनीच्या नावाऐवजी एक अनोळखी चित्र गोल गोल फिरायला लागलं. त्याआधी इंग्रजीत इशारा आला होता, की या फोनचं कुलूप उघडलेलं आहे आणि आतल्या सिस्टीमची खात्री देता येत नाही.

"आबा, फोनला कोणी हात लावला?"

आबांनी मागं वळून बघितलं. आवाज खाली आणला. "जावईबापूंनी."

जावईबापू पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून रविवारी भेटायला आले. जेवण झालं, बायको झोपली, यांना करमेना. म्हणाले, "कंपनीनं यात नको ती ॲप भरलीत. तुमच्यावर नजर ठेवतात. मी फोन मोकळा करून देतो." आबा बैलाचे दात बघून वय सांगतात. पण जावयाला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना अजून जमलेलं नाही.

जावईबापूंनी काय केलं, ते साध्या भाषेत सांगते. फोन ज्या सिस्टीमवर चालतो ती कंपनीनं त्याच फोनसाठी बनवलेली असते. ती काढून हौशी लोकांनी बनवलेली दुसरी सिस्टीम टाकता येते. तिला कस्टम ओएस म्हणतात. बनवणारे हुशार असतात, माझा त्यांच्यावर राग नाही. पण ती टाकायला आधी बूटलोडर, म्हणजे फोनचं आतलं कुलूप, उघडावं लागतं. ते उघडलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं. शिवाय आपल्याकडे आता बहुतेक कॉल फोर-जीवरूनच जातात. ती सोय नव्या सिस्टीममध्ये नीट बसली नसेल, तर नेट धावतं आणि कॉल मरतो. आबांचं तेच झालं होतं.

"तीन दिवस कुणाचा फोन आला नाय," आबा म्हणाले. "मला वाटलं, बाजार थंड हाये."

बुधवारी सकाळी पोरीला कळा सुरू झाल्या. आबांनी फाईलवरचा डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला. कट. ॲम्ब्युलन्सला लावला. कट. पोरीचा फोन घेतला, तोही कट. कारण जावईबापूंनी पहिला प्रयोग बायकोच्या फोनवर केला होता, आणि तो यशस्वी झाला म्हणून सासऱ्यांकडे वळले होते.

"मग?"

"मग काय, पोरीला शेजारणीपाशी ठिवलं आन् मळ्यात पळालो. हिच्याकडं बटणाचा फोन व्हता."

काकू म्हणजे आबांची बायको. त्यांच्या त्या फोनमध्ये जावईबापूंना टाकण्यासारखं काही सापडलं नव्हतं, म्हणून तो वाचला होता. काकूंनी बांधावरूनच गाडी बोलावली. पोर दवाखान्यात पोचली आणि थोड्या वेळात मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी चहा सांगितला.

"ताई, एक करा. पावण्यांना सांगू नका, फोन बिघडला म्हणून. बरं दिसत नाय."

मी फोन ठेवून घेतला. कंपनीची मूळ सिस्टीम त्याच मॉडेलची, त्याच आवृत्तीची शोधावी लागते. चुकीची टाकून कुलूप लावलं, तर फोनची वीट होते, म्हणजे तो कायमचा निकामी. ती शोधली, टाकली, कॉल लागतोय याची खात्री केली आणि मगच कुलूप लावलं. बँकेचं ॲप, जे उघड्या कुलपामुळे आत येऊ देत नव्हतं, तेही गुमान उघडलं.

दुसऱ्या दिवशी आबा फोन न्यायला आले. सोबत जावईबापू, लेकीला बघायला आलेले. बायकोचा फोनही त्यांच्या हातात होता. त्यांनी सासऱ्यांची स्क्रीन बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुम्ही माझी ओएस काढली? मॅडम, ती किती लाइट होती! तुम्हाला त्यातलं कळतं का?"

"कॉल लागत नव्हते."

"तो मायनर बग आहे. पुढच्या अपडेटमध्ये फिक्स होईल. तोवर व्हॉट्सॲप कॉल करायचा ना."

"ॲम्ब्युलन्सला?"

मग मी विचारलं, "आबांचे फोटो, नंबर? बॅकअप घेतला होता?"

"ऑफ कोर्स घेतला होता."

"कुठं?"

"फोनमध्येच..." एवढं म्हणाले आणि स्वतःच थांबले.

आबांनी माणसांची नावं कधी सेव्ह केली नव्हती. 'मंचर पांढरा खोंड', 'ओतूर शिंगमोडी गाय' अशी जनावरावरून सेव्ह केलेली दोनेकशे माणसं होती. सगळी गेली. ती काही माझ्या हाताने परत येणार नव्हती.

आबा पहिल्यांदाच जावयाकडे बघून बोलले. "तुमी म्हनला, फोन मोकळा करतो. लई मोकळा केला, राव."

जावईबापूंचे कान लाल झाले. त्यांनी बायकोचा फोन काउंटरवर सरकवला. "याचंही करून द्या."

"करते. तुमचाही देता का? एकदमच दोन्ही होतील."

"माझा नको. माझ्यात कंपनीचीच ओएस आहे."

"का बरं?"

"ऑफिसचे मेल असतात ना. रिस्क कशाला घ्यायची?"

आबा हसले नाहीत. मीही कसंबसं हसू आवरलं.

तेव्हापासून गिऱ्हाइकांना एकच सांगते. कोणी तुमच्या फोनमध्ये नवी सिस्टीम टाकायला बसला, तर त्याला आधी स्वतःचा फोन दाखवायला सांगा.