चार बोटं आणि तेराशेचं इंजिन

लहान्याच्या कपाळावर मी रिंग पाना हाणला, त्याला आता चार वर्षं होतील. लहाना म्हणजे माझा धाकटा भाऊ. साठीचा आहे, नातवंडं खेळवतो, पण मी लहानाच म्हणतो. पाना बावीसचा होता. कातडी फाटली, रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं, आणि तो तसाच उभा राहिला. त्याची सून चहा घेऊन दारात आली होती. ती कपबशा घेऊन तशीच मागं फिरली.

भांडण अर्ध्या इंचाचं होतं.

नवेगाव बांधाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्हा दोघांचं गाड्या-इंजिनं दुरुस्तीचं एकच शेड. मी चौथीतून शाळा सोडली आणि गोंदियाला राईस मिलमध्ये इंजिनावर लागलो. तिथं पुस्तक नव्हतं, टेप नव्हता. माप म्हणजे बोटं. चार बोटं तीन इंच, वीत नऊ इंच. चाळीस वर्षं ह्या बोटांवर मी पुल्या बसवल्या, शाफ्ट बसवले, एक हलला नाही. लहान्याला मीच शिकवलं, म्हणजे मारूनच शिकवलं, दुसरी रीत मला ठाऊक नाही. तो पुढं लोखंडी टेप खिशात ठेवायला लागला. मला ते आवडत नव्हतं, आणि मी तसं तोंडावर सांगतही होतो.

गाडी दोघांच्या मालकीची. जुनी, छोटी, आठशे सीसीची, तीन सिलिंडरची. आमच्या गावातून बाहेर पडायचं तर तलावाची पार चढावी लागते. पार म्हणजे तलावाचा बांध, आमच्या बापजाद्यांनी टोपलीटोपलीनं माती वाहून घातलेला, अंगावर येणारा चढ. चार माणसं बसली की गाडी अर्ध्यात धापा टाकायची. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या पाव्हण्यांनी उतरून ती ढकलली. त्यातला एक म्हणाला, "मामा, पुढच्या खेपेला बैलच जुपा." सगळे हसले. मी त्याच दिवशी ठरवलं, हिच्यात तेराशेचं इंजिन टाकायचं.

गोंदियाच्या एका कबाड्याकडून ठोकलेल्या मोठ्या गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन गिअर बॉक्ससकट उचलून आणलं. मोठं इंजिन लहान गाडीत घुसवायचं म्हणजे नुसती कापाकापी. समोरचा पत्रा फाडला, बॅटरीची जागा उडवली, रेडिएटर ठोकून पुढं सरकवला. शेवटी राहिलं उजवीकडचं फाउंडेशन. चेसिसला वेल्डिंगनं चिकटवलेला लोखंडी कान, त्यावर इंजिन बसतं. मी चार बोटं ठेवून खडूनं खूण केली. लहान्यानं टेप लावला, माझी खूण पुसली, अर्धा इंच आत नवी मारली आणि मला न विचारता कान चिकटवूनही टाकला.

"पुसली काऊन बे?"

"तीन इंच पायजे, दादा. तुही खूण साडेतीनवर हाय."

"माह्यी चार बोटं तीनच इंच रायतात. मिलमध्ये जाऊन विचार."

"रायत होती. आता सुजली हायेत ना. पाहा बरं एकडाव, वांगे झाले बोटाचे."

त्यावर मी पाना हाणला.

त्यानं शर्टाच्या बाहीनं रक्त पुसलं आणि म्हणाला, "वेगळं करून दे."

वाटणीला आमचे मामा बसले, ऐंशीच्या पुढचे. आमच्याकडे भाऊ वेगळे होतात तेव्हा बैलजोडी फोडतात, एक ह्याला, एक त्याला. मग पेरणीला दोघंही दुसऱ्या बैलासाठी दारोदार हिंडतात, पण वाटणी बरोबर झाली म्हणतात. मामांनी त्याच हिशेबानं शेड फोडलं. ग्राइंडर मला, वेल्डिंगचा मोठा सेट त्याला. चेन-पुली मला, जॅक त्याला. आणि गाडी मला, इंजिन त्याला.

"मामा, इंजिनाबिगर गाडीचं काय करू? कोंबड्या ठेवू?"

"अन गाडीबिगर तो इंजिनाचं काय करंल? बराबरच झालं," मामा म्हणाले.

लहान्याच्या कपाळाला पाच टाके होते. तो चार माणसांत उभा राहून बोलला, "मारलं त्याचं मले काई नाई. मोठा हाय, मारते. पन माप माह्यं बराबर होतं, एवढं त्यानं आपल्या तोंडानं म्हनावं. मी सोताहून त्याच्या गाडीत इंजिन टाकून देतो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हन ना. तुह्यं काय जाते?"

"जाते," मी म्हटलं, आणि उठलो.

शेडच्या मधोमध टिनाची भिंत उभी राहिली. वर्षभर आम्ही टिनातून भांडलो. तो पलीकडून घन मारायचा, मग मी काम नसताना अलीकडून मारायचो. टिनाला दोन्ही बाजूंनी पोचे आले. माझी गाडी इंजिनाच्या जागी भोक घेऊन उभी, त्याचं इंजिन ताडपत्रीखाली झाकलेलं. माझी बायको म्हणायची, "एक शब्द तं हाय, टाकून द्या तोंडातून." मी म्हणायचो, तो शब्द टाकला की माझी चाळीस वर्षं खोटी होतात. आणि मला तेव्हा वाटायचं, तीनच इंच. देवाशपथ वाटायचं.

मग तिरोड्याला लहान्याच्या सासुरवाडीला लग्न निघालं. घरदार घेऊन तो चार दिवसांसाठी गेला. पहिल्याच दिवशी दुपारी मी छन्नी लावून टिन फाडला. दारातून जाऊन कुलूप तोडता आलं असतं, पण मला टिनच फाडायचा होता. पत्रा किंचाळत उघडला, माझा दंड कापला. इंजिन ट्रॉलीवर होतं, त्या भोकातून ओढून घेतलं. बायकोनं रक्ताला हळद लावली आणि म्हणाली, "मी काई पायलं नाई. मले नका विचारू."

चेन-पुलीवर इंजिन टांगलं. साखळी कड्‌कड् करत एकेक दात सोडत होती. इंजिन खाली उतरत होतं, आणि मी वाट पाहत होतो की लहान्याचं फाउंडेशन आता आडवं येईल. अर्धा इंच चुकलंय, येणारच.

नाही आलं. इंजिनाचं भोक कानाच्या भोकासमोर जाऊन थांबलं. बोल्ट मी बोटानं आत ढकलला, तो तेल लावल्यासारखा गेला.

मी तिथंच जमिनीवर बसलो. बोल्ट बाहेर काढला, पुन्हा घातला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा घातला तेव्हा डोक्यात तिडीक गेली. इंजिन परत वर ओढलं, ग्राइंडर घेतला आणि लहान्याचं फाउंडेशन मुळापासून कापलं. ठिणग्या तोंडावर येत होत्या, मी डोळे मिटले नाहीत. कान तुटून पडला तो उचलला आणि मागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलात, जीव खाऊन फेकला. मग चार बोटं ठेवली, खूण केली, शेजारच्या गावातून लहान सेट मागून आणला आणि माझा कान माझ्या मापावर चिकटवला.

आता बोल्ट जाईना. इंजिनाला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, लावून रेटलं, पायानं लाथा घातल्या, बोल्टावर घन मारला. एक घाव अंगठ्यावर बसला, नख काळं होऊन निघालं. शेवटी बोल्ट शिरला. एक्सल एका बाजूला ताणलेला दिसत होता. दिसत होता, खोटं कशाला लिहू. मी नजर फिरवली. वायरिंग, पाइप, पेट्रोल ह्यात तीन दिवस गेले, आणि चौथ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. काय आवाज होता! शेडाचे पत्रे थरथरले. कोंबड्या पळाल्या.

मी पारीकडे निघालो. त्याच वेळी लहाना घरी पोचला होता. त्यानं फाटलेला टिन पाहिला, रिकामी ट्रॉली पाहिली, आवाज ऐकला आणि माझीच सब्बल उचलून धावत निघाला. हे मला मागून कळलं.

गाडी पारीवर गोळीसारखी चढली. दुसऱ्या गिअरमध्ये! जिथं पाव्हणे ढकलत होते ती जागा कधी गेली कळलंच नाही. घाटावर बायका धुणं धुवत होत्या, ढिवर जाळी झाडत होते, सगळ्यांच्या माना वळल्या. मी अजून पाय दाबला. टोक दहा हात राहिलं असेल, तेव्हा खालून बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. ताणलेला एक्सल गिअर बॉक्समधून निघाला, आणि गरगर फिरत त्यानं ब्रेकचा पाइप तोडला. इंजिन बोंबलतंय, गाडी जागेवर. मग मागं. ब्रेक दाबला, पाय फळीला टेकला. हॅन्डब्रेक ओढला, वायर हातात आली.

आरशात लहाना दिसला. खालून चढत होता, सब्बल घेऊन, थेट गाडीच्या मागं.

"हट बे! हट!" मी ओरडलो.

तो हटला नाही. एक पाऊल बाजूला झाला आणि मागच्या चाकाखाली सब्बल खुपसली. सब्बल वाकली, गाडी झटका देऊन आडवी वळली आणि ढुंगणानं मोहाच्या झाडावर आदळली. मागची काच माझ्या मानेवर पडली. झाड नसतं तर खाली शेतात गेलो असतो, तीन माणसं उंच.

मला वाटलं तो मला काढायला येईल. तो आधी गाडीखाली वाकला. उठला तेव्हा त्याचं तोंड मी ओळखलं नाही.

"माह्यं फाउंडेशन कुठं हाय?"

मी दार ढकलत होतो, ते उघडेना.

"इंजिन नेलं, ने. टिन फाडला, फाड. माह्यी वेल्डिंग कायले कापली?"

त्यानं गचांडी धरून मला खिडकीतून ओढला. मी डोक्यानं त्याच्या तोंडावर मारलं, त्याचा समोरचा दात गेला. त्यानं मला मातीत पाडलं, छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी धुतलं. मी त्याचा कान चावला. दोघं लोळत घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. माझं डावं मनगट पायरीवर मोडलं, ते मोडल्याचं मला ऐकू आलं. कोणी सोडवलं नाही. निम्मे मोबाईल धरून उभे होते. आमची बहीण बालाघाटला राहते, तिनं ते भांडण आमच्या आधी पाहिलं.

शेवटी मामा आले. काठी दोघांच्याही पाठीत घातली. "म्हतारे झाले, मसनात जाच्या टायमाले कुत्र्यावानी लढता?"

लहाना उठला. तोंडातलं रक्त थुंकला. खिशातून टेप काढला, खर्रकन ओढला आणि माझ्या समोर पायरीवर धरला.

"ठेव बोटं."

मी ठेवली नाहीत. त्यानं माझा उजवा हात धरून टेपावर दाबला. धुणं टाकून बायका जवळ आल्या होत्या. ढिवर होते, मामा होते.

"वाच. आकडे येतात तुले."

येतात. गाठी आलेली, तेल मुरलेली चार बोटं एकमेकांना चिकटून टेपावर पडली होती, आणि करंगळीची कड साडेतीनच्या रेघेवर होती. मी बोटं आवळली, दाबली, पुन्हा पाहिलं. साडेतीन. मिलमध्ये हीच बोटं तीन होती, हे मी आजही कोणाच्याही समोर सांगेन. कधी जाडी झाली ते मला कोणी सांगितलं नाही. ज्यानं सांगितलं त्याला मी पाना मारला होता.

"किती हाय?"

"साडेतीन."

"मंग?"

मनगट सुजत होतं, मानेतून रक्त पाठीत उतरत होतं, पण त्याचं काही नव्हतं. तो एक शब्द त्याहून जड होता. मी मामांकडे पाहून म्हणायला लागलो, तर लहान्यानं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं.

"माप तुह्यं बराबर होतं," मी म्हटलं.

त्यानं माझी हनुवटी सोडली. टेप खिशात टाकला आणि चालता झाला.

माझ्या हाताला प्लास्टर झाल्यावर आठ दिवसांनी तो फाडलेल्या टिनातून माझ्या बाजूला, ढकलत आणून ठेवलेल्या गाडीपाशी आला. मी मदतीला पाना घेऊन उठलो, तर म्हणाला, "तू भाईर बस. हात लावायचा नाई." माझ्याच शेडाबाहेर मी बाजेवर बसलो. चाळीस वर्षांत मी कोणाचं काम असं बसून पाहिलं नव्हतं. त्यानं माझा कान कापला, नवा चिकटवला, एक्सल बसवला, ब्रेक मोठे टाकले. दोनदा मी ओरडून सूचना दिल्या, दोनदा त्यानं ग्राइंडर मुद्दाम सुरू केला.

झाल्यावर तो चालवायला बसला. "बस तिकडून," म्हणाला. त्या गाडीत मी पहिल्यांदा डाव्या सीटवर बसलो. पारीवर निघालो. इंजिनाचा आवाज एकसारखा, कुठं खडखड नाही. मोहाचं झाड गेलं. घाटावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"गिअर उशिरा टाकला," मी म्हटलं.

त्यानं ऐन चढावर गाडी थांबवली. मोठे ब्रेक होते, जागेवर धरली.

"उतर."

"काऊन?"

"उतर खाली, दादा. नाई तं अजून एक हात मोडंल."

मी उतरलो. तो माझ्याकडे न पाहता पार चढून गेला, आणि मी प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन, घाटावरच्या बायकांसमोरून चालत घरी आलो.

माप त्याचंच बरोबर होतं, हे मी चार माणसांत म्हटलं आणि इथं लिहूनही दिलं. पण गिअर त्यानं उशिराच टाकला होता.