उजव्या पायडलची कुरकुर

माझी सायकल कुरकुरायला लागली तेव्हा घरात, सोसायटीत आणि ऑफिसात प्रत्येकाला तिच्याबद्दल मत होतं. कान एकालाही नव्हता.

वारज्याहून आम्ही बिबवेवाडीत राहायला आलो ते मे महिन्यात. वारज्याला होतो तेव्हा सायकल आठवड्यातून एकदा भाजीपुरती निघायची, कारण ऑफिस लांब आणि बसशिवाय इलाज नव्हता. आता स्वारगेटपलीकडचं माझं सरकारी ऑफिस सायकलच्या टप्प्यात आलं. जाताना उतार, येताना चढ. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला दिवसातला असा पाऊण तास मिळाला की ज्यात मला कोणी 'अगं' म्हणत नाही, 'मॅडम' म्हणत नाही आणि 'जाता जाता तेवढं' म्हणत नाही. तो मी कोणालाही द्यायला तयार नव्हते.

पंधरा-वीस दिवसांत आवाज सुरू झाला. चढ लागला की कुर्र, टक. कुर्र, टक. रस्त्यातली माणसं वळून बघायची.

माझा नवरा तीस वर्षं एका कारखान्यात फिटर होता. शेजारच्यांचा मिक्सर ऐकून त्याचं काय बिघडलंय ते भिंतीपलीकडून सांगणारा माणूस. मी त्याला खाली चला म्हटलं तर तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "जुनी झाली ती," म्हणाला. "दसऱ्याला तुला स्कूटर घेऊ. हिला भंगारात दे." स्वतःची स्कूटर त्याने घर बदलताना विकून टाकली होती. या ट्रॅफिकमध्ये शहाणा माणूस गाडी चालवत नाही, असं त्याचं तेव्हा म्हणणं होतं.

"मग मला कशाला घेताय?" मी विचारलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

चौकातल्या सायकलवाल्याकडे गेले. त्याने सायकल स्टँडवर चढवली, हाताने चाक फिरवलं, चेनला तेल दिलं आणि म्हणाला, "बघा, काही आवाज नाही."

"मी बसल्यावर येतो. चढाला, उजवा पाय दाबला की."

"मिस्टरांना पाठवा ना, त्यांना सांगतो समजावून."

"सायकल मी चालवते."

"मग ताई, आवाज सायकलचा नसेल. गुडघ्याचा असेल."

दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, ती हसली. मी घरी येऊन हे सांगितलं तर नवराही हसला. ऑफिसात तर एका सहकाऱ्याने माझ्या वजनाचा विषय काढला. त्याचं स्वतःचं पोट टेबलाच्या अलीकडे मावत नाही.

दसरा आठ दिवसांवर आला तेव्हा नणंदेचा फोन आला. अभिनंदन म्हणाली. मरून रंग छान आहे म्हणाली. माझ्यासाठी घेतलेल्या गाडीचा रंग मला नणंदेकडून कळला. मुहूर्तावर गाडी आणायची, आदल्या दिवशी भंगारवाला येऊन सायकल नेणार, सगळं ठरलेलं होतं. फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

रविवारी सकाळी मी सायकल घेऊन सोसायटीमागच्या चढावर गेले. सत्तावीस वर्षं मी आवक-जावक विभागात हरवलेल्या फायली शोधते आहे. आमच्याकडे एक रीत आहे. फाईल कुठे असेल ते शोधत बसायचं नाही, कुठे नाही ते एकेक करून ठरवायचं. मी तेच केलं. आधी उतारावरून पाय न मारता खाली आले. आवाज नाही, म्हणजे चाकं संशयातून सुटली. मग सीटवरून उठून, उभ्याने पायडल मारत चढ चढले. आवाज आला, म्हणजे सीटही सुटली. मग फक्त डाव्या पायाने जोर दिला. शांत, म्हणजे माझं वजनही सुटलं. फक्त उजव्याने दिला. कुर्र, टक. खाली वाकून नीट बघितलं तर उजवं पायडल किंचित तिरकं बसलेलं होतं.

नवऱ्याची हत्यारांची पेटी या घरात सामान लावून झाल्यापासून कोणी उघडलेली नव्हती. त्यातला पाना घेतला. पायडल हलेना, तेव्हा पान्यावर पाय देऊन उभी राहिले. सुटलं. ग्रीसचा थेंब नाही, कोरडं ठणठणीत, आणि टोकाचे दोन आटे चावल्यासारखे मोडलेले. कोणीतरी ते वाकडं लावून, तसंच जोर करून आवळलं होतं.

कोणीतरी म्हणजे कोण, ते मला लगेच कळलं. वारज्याच्या घराचा जिना अरुंद होता. सामान हलवताना नवऱ्यानेच ते पायडल काढलं होतं आणि इथे आल्यावर त्यानेच बसवलं होतं. तीस वर्षं फिटर. स्वतः करून ठेवायचं, वर सायकल जुनी झाली म्हणायचं, आणि माझ्या गुडघ्यांना हसायचं. पायडल हातात घेऊन मी तशीच जिना चढले.

"हे काय आहे?" मी पायडल त्याच्या हातात आदळलं. "शिकाऊ माणसाने असं केलं असतं तर त्याला कारखान्यातून हाकलला असतात तुम्ही."

त्याने पायडलकडे बघितलं नाही. अंगठा आट्यांवरून सावकाश फिरवला, टोकाशी आल्यावर थांबला. "दोन गेलेत," म्हणाला.

"त्या दिवशी डोळ्यांनी बघून लावलं मी," तो म्हणाला. "तिथेच चुकलं. हाताने लावायला हवं होतं."

"म्हणजे?"

"मधोमध धूसर दिसतं. सरळ बघितलं की तेवढंच दिसत नाही. वर्ष झालं."

वर्ष. म्हणून त्याची स्कूटर गेली होती. म्हणून तो खाली येत नव्हता, आणि म्हणून मरून रंगाची गाडी येणार होती, मी त्याला मागे बसवून न्यावं म्हणून. वर्षभरात हा माणूस एकदाही डॉक्टरकडे गेला नव्हता. माझा राग ओसरला असं कोणाला वाटेल. तो दुप्पट झाला. 'मला दिसत नाही' हे तीन शब्द बोलण्यापेक्षा माझी सायकल भंगारात घालणं त्याला सोपं वाटलं होतं. मी हे सगळं त्याला ओरडून सांगितलं, शेजारी ऐकत असतील याची पर्वा न करता.

तो उठला, कठडा धरून खाली आला. आट्यांना बोटाने ग्रीस लावलं. तोंड भिंतीकडे वळवून, नुसत्या बोटांनी त्याने पायडल आधी उलटं फिरवलं. बारीकसं 'टिक' झालं तसं सुलट फिरवायला लागला. ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. शेवटी पान्याने घट्ट मी आवळलं.

"जा, चढून बघ," म्हणाला.

मी अख्खा चढ चढले. चेनची सळसळ सोडली तर काही आवाज नव्हता. वर पोचून मागे वळले. तो खाली फाटकाशी उभा राहून हात हलवत होता, विचारत होता, झालं का म्हणून. पण हलवत होता तो माझ्यापासून पाच-सहा हात डावीकडे, पाण्याच्या एका उभ्या टँकरला.

"अहो," मी वरून हाक मारली, "इकडे. इकडे आहे मी."