मान मोडायची खोड

चाकणच्या कंपनीत तीस वर्षं फिटरचं काम केलं. जे अडलंय ते हातानं मोकळं करायचं, ही खोड तिथलीच. बायकोची मान आखडली की मी ती दोन्ही हातांनी धरून कडकन मोडायचो. न्हाव्याकडं बघून शिकलेली विद्या. तिला बरं वाटायचं, मग मी आणखीच शेफारायचो.

त्या रविवारी मोडली, तर दुखणं थांबेचना. मंगळवारी सकाळी चहा देताना तिची डावी पापणी खाली आलेली. या वयात डोळा मारतेस होय, म्हणून मी चिडवलं. ती काहीतरी बोलली, पण शब्द लडबडले आणि उजव्या हातातून कपबशी निसटली. तोवर मी हसतच होतो. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गॅरेजवाल्या भाईनं गाडी काढली, म्हणून वेळेत दवाखान्यात पोचलो. डॉक्टरबाईंनी आम्हां दोघांना एमआरआय दाखवला. मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं होतं. तिथं रक्ताची गुठळी झाली आणि तिचे कण वर मेंदूत गेले. करड्या फोटोत डाव्या बाजूला चार पांढरे ठिपके होते. मानेला झटका दिल्यानं असं होऊ शकतं, असं त्या म्हणाल्या. मी खाली मान घालून बसलो.

औषधं सुरू झाली. हातात जोर येऊ लागला, पण वाचा किती परत येईल हे कुणी सांगेना. तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला घड्याळ दाखवलं, चमचा दाखवला. तिनं अडखळत का होईना, नावं सांगितली. मग माझ्याकडं बोट करून त्यांनी विचारलं, यांचं नाव काय? ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्पच. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. बायको मला विसरली होती, आणि ते माझ्याच हातांनी केलं होतं.

बाहेर येऊन भाईला सांगितलं. तो माझ्याकडं बघतच राहिला.

"राव, भाभी तुमचं नाव कधी घेते का?"

खरंच की. देहूजवळच्या खेड्यातली लेक ती, चारचौघांत नवऱ्याचं नाव नुसतं कसं घेईल? लग्नातल्या उखाण्यानंतर मी तिच्यासाठी कायम 'अहो'च होतो.

पळत आत जाऊन बाईंना हे सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग उखाण्यात घ्या. ती लाजली. बराच वेळ मनात जुळवत राहिली. मग एकेक शब्द नीट ठेवत म्हणाली, "मेंदूच्या फोटोत दिसले ठिपके चार," आणि पुढं माझं नाव आलं, अगदी स्वच्छ, "रावांच्या हाती यापुढं भांड्यांचा कारभार."

सगळा वॉर्ड हसला. मी मात्र तिथंच, सगळ्यांसमोर, भोकाड पसरलं.