एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क

माझी धाकटी जाऊ पडद्याचं कापड बेततानासुद्धा आधी जुन्या चादरीवर कात्री चालवून बघते. डोळ्यांच्या एका दवाखान्याचे संगणक ती घरूनच, आमच्या जेवणाच्या टेबलावरून सांभाळते. तिथेही तिची हीच रीत: मूळ वस्तूला हात लावायचा नाही, काय करायचं ते प्रतीवर.

त्या सकाळी दवाखान्याचा संगणक अर्धवट सुरू होऊन अडकू लागला. तो आभासी संगणक, म्हणजे एका मोठ्या यंत्राच्या पोटात चालणारा. त्याची डिस्क म्हणजे एक भलीमोठी फाइल. पेशंटच्या डोळ्यांचे सगळे फोटो तिच्यातच. दुपारी एका आजोबांचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांना त्यांच्या डाव्या डोळ्याचा फोटो हवा होता.

तिने डिस्कची प्रत काढली, दोन्ही एकाच मशीनला जोडल्या आणि प्रतीवरून मशीन सुरू केलं. "डिस्क गच्च भरलीय, म्हणून अडतंय," ती म्हणाली. खात्री करायला तिने अर्धवट सुरू झालेल्या मशीनमधूनच फोटोंचा अख्खा फोल्डर पुसला. प्रतच तर होती! मशीन झटक्यात पूर्ण सुरू झालं.

"चला, आता चहा टाका ताई!"

मी गॅस पेटवला. तिने मूळ डिस्क काढून ठेवली आणि प्रतीवरून पुन्हा सुरू केलं. मशीन सकाळसारखंच अडकलं. डिस्क भरलेली.

"अगं, आत्ता तर रिकामी केलीस ना?"

तिचा चेहरा पांढराफटक. दीर डोकावले, "काय गं, मशीन गेलं की तू गेलीस?" तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, मी मूळ पुसलं."

मी गॅस बंद केला आणि कसं ते विचारलं. डिस्कवर एक ओळखक्रमांक असतो आणि प्रतीत तोही जसाच्या तसा उतरतो. मशीनने त्या क्रमांकाची डिस्क शोधली, दोन सापडल्या, आणि त्याने मूळच उचलली. आपण प्रतीत आहोत असं समजून ही निर्धास्त पुसत राहिली.

"मग प्रत?"

तिने प्रत उघडली. तिला कुणी शिवलंच नव्हतं. सगळे फोटो जागच्या जागी! तिने प्रतीला आधी नवा क्रमांक दिला, ती जास्त जागेच्या नव्या डिस्कशेजारी जोडली आणि फोटो उतरवून घेतले. आजोबांचा डावा डोळा पडद्यावर आला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

मग तिने डॉक्टरांना फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं.

"अगं, मिळालं ना सगळं? कशाला सांगतेस?" दीर कुजबुजले. तिने हातानेच त्यांना गप्प केलं.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनआधी तो फोटो मी डोळ्याशी ताडून बघणार."

"बघाच," ती म्हणाली. "तोवर मी फोन ठेवत नाही."